मामा, हनुवटी वर!

"आणि आता पुढची कमेंट," श्रेयावहिनी मोबाइलच्या पडद्याकडे बघत वाचू लागल्या, "'साडीला निऱ्या सात आणि काकांच्या गळ्याला...'"

तिथे त्या थांबल्या, पण थांबायला एक शब्द उशीर झाला होता. पुढचं वाचून दाखवायची कुणाला गरजच उरली नव्हती. काउंटरमागच्या दोन्ही मुली तोंडावर ओढण्या धरून हसल्या. गल्ल्यावर बसलेले मालक, अप्पा, हसले. आपापल्या घरी मोबाइल धरून बसलेल्या चारशे बायकांपैकी किती हसल्या ते दिसलं नाही, पण हसून डोळ्यांत पाणी आलेल्या पिवळ्या तोंडांची चित्रं पडद्यावर भराभर वर चढताना मला दिसली. मीही हसलो. अंगावर हिरवी इरकल गुंडाळून, खांद्यावर पदर टाकून कॅमेऱ्यासमोर उभा असलेला पन्नाशीचा बाप्या दुसरं काय करणार?

सांगलीच्या पेठेतल्या हलग्यांच्या साडीच्या दुकानात मी तेव्हा सत्तावीस वर्षं काम करत होतो. माझं नाव विश्वनाथ कोष्टी, पण नाव फक्त पगाराच्या वहीत. गिऱ्हाइकं मला मामा म्हणायची. साडी दाखवायची म्हणजे विक्रेत्यानं ती स्वतःच्या शर्ट-पँटवरच नेसून दाखवायची, ही आमच्या धंद्याची जुनी रीत. दिवसाला चाळीसेक साड्या अंगावर चढायच्या आणि उतरायच्या. मला त्याची लाज कधीच वाटली नाही. उलट बायका म्हणायच्या, "मामा, तुमच्या निऱ्या आमच्यापेक्षा बऱ्या पडतात," आणि मी मिशीतल्या मिशीत खूश व्हायचो.

पण ते समोरासमोर. मोबाइलवरची ही लाइव्ह विक्री नवी होती आणि ती अप्पांच्या सुनेनं, श्रेयावहिनींनी आणली होती. बाई हुशार आणि कामाला वाघ. गौरीच्या साड्यांचा तो आमचा पहिलाच लाइव्ह. तो संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "मामा, सॉरी हं. माझी वाचायची सवय, तोंडातून निघूनच गेलं."

"असू द्या हो वहिनी. खोटं कुठं लिहिलंय?"

मग त्यांनी मला त्याच लाइव्हचं रेकॉर्डिंग दाखवलं, आणि ते मात्र मला असू द्या म्हणता येईना. निऱ्या घालताना मी मान खाली घातली की हनुवटीखाली एक मोठी वळी उतरायची, तिच्याखाली दुसरी, आणि शर्टाच्या कॉलरवर सगळं येऊन बसायचं. घरच्या आरशात मी तीसेक वर्षं दाढी करत होतो, पण आरशात माणूस मान वर करून बघतो. खाली बघतानाचं आपलं तोंड आपल्याला दिसतच नाही.

संध्याकाळी दुकान बंद होताना अप्पांनी हाक मारली. अप्पा चौऱ्याहत्तर वर्षांचे, गळ्यात लिंग, कपाळावर विभूती, आणि बोलायला सरळसोट.

"इश्वनाथ, सून म्हणतीया दिवाळी पाडव्याला लग्नसराईचा मोठा लाइव्ह करायचा. शालू, पैठण्या, सगळं. तिला तूच पायजेस, तुझ्यासारख्या निऱ्या कुणाच्या पडत न्हाईत. पर ते तेवढं..." त्यांनी स्वतःच्या हनुवटीखाली दोन बोटं फिरवली. "ते काय करता येतंय का बघ. आजकाल ऑपरेशन न करताबी हुतंय म्हणं."

"आणि नाही झालं तर?"

"तर माळा हाय की. बाबूराव गेल्यापासनं वर कोण न्हाईच."

माळा म्हणजे दुकानाच्या वरची पत्र्याची खोली. सुरतेहून, बनारसहून आलेले गठ्ठे तिथे फोडायचे, एकेक साडी उलगडून खोट बघायची, चिठ्ठी लावायची आणि घडी घालून खाली पाठवायची. बाबूराव अकरा वर्षं तिथे होते. निवृत्त झाल्यावर ते एकदा मारुती रोडला भेटले, तर त्यांच्या हातून पूर्वी शेकडो साड्या घेतलेली एक बाई शेजारून गेली आणि तिनं त्यांना ओळखलं नाही. ते गेले तेव्हापासून गठ्ठे थेट खाली येत होते आणि साडी अंगावर घेतानाच खोट बघायचं काम माझ्याच डोक्यावर पडलं होतं. ते मला चालत होतं. दिवसभर उभं राहून पाय दुखायचे, टाचा सुजायच्या, घरी गेल्यावर बादलीभर गरम पाण्यात पाय घालून बसावं लागायचं, तरीही मला खालीच राहायचं होतं. मामा म्हणणारं कुणीतरी समोर पाहिजे होतं. माणसाला एवढी हाव असावी की नाही, कोण जाणे.

पुण्याला असलेल्या माझ्या लेकीनं, अनुजानं, व्यायामाचे व्हिडिओ पाठवले. पहिला व्यायाम असा, की मान मागे टाकायची, छताकडे बघायचं आणि ओठांचा चंबू करून छताची पापी घ्यायची. वीस वेळा. दुसऱ्यात खालचा जबडा ड्रॉवरसारखा पुढे काढायचा. तिसऱ्यात जीभ टाळूला दाबून हुंकार द्यायचा. शिवाय दिवसभर च्युइंगम. शिवाय चेहऱ्याभोवती ताणून बांधायचा एक पट्टा, जो बांधल्यावर मी दाढ उपटून आलेल्या माणसासारखा दिसायचो.

"अहो, छताला कसल्या पाप्या घ्यायलाय?" वैजयंता, म्हणजे माझी बायको, चहाचा कप घेऊन दारात उभी.

"व्यायाम आहे."

"पंचवीस वर्षांत मला..." ती पुढचं बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी चहात साखर घालायला विसरली.

तीन आठवडे झाले. जबडा दुखायला लागला, पण गळ्यात सुताचा फरक नाही. वैजू म्हणाली, "सोडा की ते. मी एवढी वर्षं तुमच्या गळ्याकडं कधी बघितलंबी न्हाई."

"तू नाही बघितलंस. आता चारशे जणी बघतात."

"मग त्यांनाच विचारा, काय करायचं ते," ती म्हणाली आणि आत गेली. मी तिच्याशी भांडायला हवं होतं की तिचं ऐकायला, हे तेव्हा कळलं नाही. दुपारची सुट्टी काढून मी विश्रामबागेत कातडीच्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर गोसावी तरुण होत्या आणि घाईत नव्हत्या. त्यांनी माझ्या हनुवटीखालचं मांस दोन बोटांच्या चिमटीत धरलं, मान वर करायला लावली, खाली करायला लावली, बाजूनं फोटो काढला. थायरॉइड तपासून घ्यायला सांगितलं, वजन विचारलं.

"चरबी थोडी आहे, सैल कातडी जास्त आहे," त्या म्हणाल्या. "चरबी विरघळवायचं इंजेक्शन असतं. एका वेळेला बरेच टोचे, मग महिनाभर थांबायचं, मग पुन्हा. दोन तरी वेळा, कधी चार-पाच वेळा. सूज येते, ती आठवडाभर, कधी जास्तही राहते. दुसरा उपाय म्हणजे चरबी गोठवायचं मशीन, गार पडतं, मग ती पेशी हळूहळू मरते. कातडी आवळायला उष्णतेची मशिनं आहेत, त्यानं थोडा फरक पडतो, थोडाच. वजन पाच-सहा किलो उतरलं तर त्यानंही पडेल."

"आणि छताच्या पाप्या?"

त्या हसल्या. "त्यानं नुकसान काही नाही. फायद्याचा मात्र फारसा पुरावा नाही."

मग त्यांनी विचारलं, काम काय करता. मी सांगितलं. त्यांना खरं वाटेना, तेव्हा टेबलावरची पांढरी चादर उचलून मी तिथल्या तिथे कमरेला खोचली, निऱ्या घातल्या आणि पदर टाकला. नर्स दारातून बघत राहिली.

"तुम्ही निऱ्या घालताना हनुवटी पार छातीला टेकवता," डॉक्टर म्हणाल्या. "तुमची डबल चिन आहे त्यापेक्षा दुप्पट दिसते ती त्यामुळे. मान थोडी वर ठेवलीत, तर निम्मं काम औषधाशिवाय होईल. आणि खरं सांगू? तुम्हाला स्वतःला हे नको असेल तर काहीच करू नका. त्रास काही नाही यात."

मला हवंय की नको, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी कमरेची चादर सोडून तिची घडी घातली. मग म्हणालो, "पाडव्याच्या आत दोन वेळा होईल का?"

झालं. हनुवटीखाली पेनानं ठिपके काढले आणि प्रत्येक ठिपक्यावर सुई. मुंग्या चावत असताना कुणी निखारा धरावा तसं झालं. दुसऱ्या दिवशी गळा असा सुजला की हनुवटी कुठे संपते आणि मान कुठे सुरू होते ते सांगता येईना. दुकानात मफलर गुंडाळून गेलो, सप्टेंबरच्या उकाड्यात.

"मामा, गालफुगी झाली काय?" गिऱ्हाइकं विचारत.

"दाढ," मी म्हणायचो.

"दोन्हीकडची?"

"दोन्हीकडची."

दहा दिवसांनी सूज उतरली. महिन्याभरानं पुन्हा टोचून घेतलं, पुन्हा मफलर, पुन्हा दोन्हीकडची दाढ. दिवाळीच्या सुमाराला आरशात खरोखर फरक दिसायला लागला. फार नाही. खालची वळी जवळजवळ गेली होती, वरची राहिली होती, कातडी थोडी लोंबत होती. वैजूनं बघून म्हटलं, "वेगळं दिसायलाय." चांगलं दिसतंय, असं म्हणाली नाही.

उरलेलं निम्मं काम औषधाशिवायचं. दुकान बंद झाल्यावर श्रेयावहिनी मोबाइल स्टँडवर लावायच्या आणि माझ्याकडून तालीम करून घ्यायच्या. "मामा, हनुवटी वर! निऱ्यांकडे नाही, माझ्याकडे बघा. वर, वर, आणि हसा." पहिल्या दिवशी निऱ्या एकीकडे आणि मी एकीकडे. पण बोटांना सत्तावीस वर्षांची सवय होती. आठवड्याभरात कमरेखाली बोटं आपापलं काम करू लागली आणि वर तोंड कॅमेऱ्याकडे बघून बोलू लागलं. आंधळ्यानं सुपारी कातरावी तशी माझी बोटं चालत, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू, मी माझ्यावरच खूश होतो.

पाडव्याचा लाइव्ह दोन तास चालला. बाराशे बायका बघत होत्या. दिव्यांच्या उजेडात घाम गळत होता, पाय शिशाचे झाले होते, पण मान एकदाही खाली गेली नाही. साडी घे, खोच, निऱ्या, पदर, कॅमेऱ्याकडे बघून बोल, सोड, घडी घाल, पुढची. घडीसुद्धा कॅमेऱ्याकडे बघतच घातली. आणि कमेंट काय आल्या! 'काका, काय रुबाब!' 'काकांनी वजन कमी केलं का?' श्रेयावहिनींनी सगळ्या मोठ्यानं वाचल्या.

मध्येच फोन आला. दुधगावच्या मगदूम अक्कांचा. अक्का आमच्या वीस वर्षांच्या गिऱ्हाईक, द्राक्षबागायतदार घरातल्या. सगळं घर माझ्याच हातच्या साड्या नेसायचं. थोरल्या पोरीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं.

"मामांच्या अंगावर आत्ता जो लाल शालू हाय, त्योच द्या," अक्का म्हणाल्या. "तसला दुसरा नको, त्योच."

श्रेयावहिनींनी कॅमेऱ्यासमोरच सांगितलं, "शालू दुधगावला गेला!" मी हसून हात जोडले, घडी घातली, बाजूला ठेवली. दुसऱ्या दिवशी अक्कांचे दीर येऊन तो घेऊन गेले. अक्कांच्या घरची पद्धत अशी, की नवरीचा शालू एकदा घरात आला की हळदकुंकू लावून देवापुढे ठेवायचा आणि त्याची घडी मोडायची ती नवरीच्या अंगावरच. मध्ये कुणी उलगडायचा नाही. ही पद्धत मला माहीत होती. माझ्यावर विसंबूनच ती चालायची.

अप्पांनी मला पेढे दिले. "आता काय माळ्याचं नाव न्हाई," ते म्हणाले. घरी येऊन पाय गरम पाण्यात सोडले तेव्हा मला इतकं दमल्यासारखं झालं होतं, की आनंदसुद्धा उद्या करू, असं वाटलं.

अक्का आल्या त्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, भर दुपारी, दुकानात कुणी नसताना. एकट्याच. पांढऱ्या गादीच्या कडेला बसल्या.

"या अक्का! झालं ना कार्य नीट? मला काय येता आलं नाही, सराईचे दिवस. काय दाखवू?"

"आज काय नको." त्यांनी पिशवीतून शालू काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "बघा."

मी उलगडला. पदर जिथून सुरू होतो तिथे, काठाला लागून, विणतानाच धागे तुटून वीतभर जाळी पडलेली होती. लांबून ती दिसत नव्हती, पण बघणाऱ्याला दिसलीच असती. त्या जाळीतून शालू पुढे हातभर टरकला होता.

"कार्यालयात जाऊबाई नेसवत हुत्या पोरीला," अक्का हळू आवाजात सांगू लागल्या. "खांद्यावर पिन लावली आन् चर्र आवाज झाला. बाहेर मुहूर्ताची घाई. पोरगी रडायला लागली, काजळ सगळं गालावर. मग मी माझ्या अंगावरची सोडली. ती जांभळी पैठणी, तुम्हीच दिल्याली. ती तिला नेसवली."

"आणि तुम्ही?"

"मी घरात वापरायची गुंडाळली. दुसरं काय हुतं? बाकीचं लुगडंपाताळ सगळं घरी. अक्षता पडल्या तवा मी मागं हुते, आचाऱ्यांच्या बाजूला. पाहुणे इचारत हुते, नवरीची आई कुठाय."

श्रेयावहिनी ऐकत होत्या. त्या लगबगीनं पुढे आल्या. "अक्का, खरंच खूप वाईट वाटतंय. आम्ही बदलून देतो. याच्यापेक्षा भारी, दुकानातला कुठलाही शालू घ्या."

"लग्न झालं की, पोरी," अक्का म्हणाल्या. त्यांना राग आलेला नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. नुसत्या थकलेल्या होत्या, बाराव्या दिवशी माणसं असतात तशा.

वहिनी मागे सरकल्या. अक्का माझ्याकडे बघत म्हणाल्या, "मामा, एक इचारू? त्या दिवशी तुम्ही एकदाबी खाली का बघितलं न्हाई?"

मी जाळीवरून बोट फिरवत राहिलो.

"वीस वर्सं मी साड्या घेतीया तुमच्याकडनं. मला साडीतलं काय कळतंय? मी साडीकडं कुठं बघतीया, मी तुमच्याकडं बघतीया. साडीत काय खोट असली की निऱ्या घालून झाल्या तरी तुमची हनुवटी गळ्यात रुतल्यालीच राहायची. तोंडानं तुम्ही काय बोलत न्हवता, मालकाचं दुकान. पर हनुवटी रुतली की मी म्हणायची, मामा, ही नको, दुसरी दाखवा. माझ्या जावांनाबी मी हेच शिकवलंय. त्या दिवशी मोबाइलवर बघत बसले हुते. ती न्हाईच रुतली, एकदाबी न्हाई. म्हटलं, मामा एवढ्या ताठ मानेनं दाखवायल्यात, म्हंजे माल चोख. म्हणून तर म्हटलं, त्योच द्या."

सत्तावीस वर्षांत ही गोष्ट मला माहीत नव्हती. खोट दिसली की मी गप्प राहून ती साडी बाजूला सारायचो, एवढंच मला माहीत होतं. माझ्या तोंडावर ते उमटतं आणि कुणी ते वाचतं, त्यावर विश्वास ठेवून घरची लग्नं करतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"अक्का," मी म्हणालो, "मी हनुवटी कमी करून घेतली. इंजेक्शनं घेतली. आणि मान वर ठेवायला शिकलो."

"कशापायी?"

"मोबाइलमध्ये बरी दिसत नव्हती."

त्यांनी माझ्या हनुवटीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बरी हुती की."

एवढं बोलून त्या उठल्या. शालू तिथेच गादीवर राहिला. मी पायऱ्यांपर्यंत पोहोचवायला गेलो. त्यांनी वळून नमस्कार केला, नेहमीसारखा, आणि गेल्या. मी आत आलो, शालूची घडी घालायला बसलो आणि मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस, दुकानात, गिऱ्हाइकांच्या गादीवर. काउंटरमागच्या मुली या वेळेला हसल्या नाहीत.

संध्याकाळी मी अप्पांच्या गल्ल्यासमोर उभा राहिलो. "अप्पा, मला वर पाठवा."

अप्पांनी चष्मा काढला. "आरं, आता तर तू सरळ झालास! संक्रांतीचा लाइव्ह हाय. लोक इचारायल्यात काका कवा येणार म्हणून. एका साडीपायी काय एवढं? हुतंय हातनं."

"पायांना सोसत नाही आता उभं राहणं."

ते खरंही होतं. अप्पांना पटलं नाही, पण पायांपुढे त्यांचं काही चालेना. श्रेयावहिनींना मात्र कळलं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन जिना चढायला लागलो तेव्हा त्या खालून म्हणाल्या, "मामा, चूक माझीही आहे."

"निऱ्या माझ्या होत्या वहिनी," मी म्हणालो आणि वर गेलो.

घरी वैजूला सांगितलं, तेव्हा तिनं फक्त विचारलं, "वर पंखा हाय का?" नाही म्हटल्यावर तिनं दुसऱ्या दिवशी डब्याबरोबर ताकाची बाटली दिली. तेव्हापासून रोज देते.

याला आता सहा वर्षं झाली. उन्हाळ्यात पत्रा तापतो, दुपारी चारनंतर डोळे चुरचुरतात. खाली एक नवी मुलगी लाइव्ह करते, छान बोलते, मान वर ठेवते. तिच्या हातात जाणारी प्रत्येक साडी आधी माझ्यासमोर उलगडलेली असते. जिन्यातून खालचे आवाज येतात. मामा, अशी हाक आता कुणाला नसते. इतक्या वर्षांत माझ्या नजरेतून सुटून एकही साडी खाली गेली नाही, असं मी छातीला हात लावून सांगू शकतो, पण विचारतं कोण?

गेल्या महिन्यात श्रेयावहिनी स्वतः जिना चढून वर आल्या आणि एक पाकीट माझ्या हातात दिलं. दुधगावची लग्नपत्रिका होती, अक्कांच्या धाकट्या पोरीची. अक्का सहा वर्षांत दुकानात आल्या नव्हत्या. पाकिटावर 'मामांना' एवढंच लिहिलेलं होतं. आत पत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू, आणि खाली मोकळ्या जागेत पेनानं, वाकड्यातिकड्या अक्षरांत चार ओळी:

'मामा, मामींना घेऊन दोन दिवस आधी यायचं. मुलगी आपलीच हाय. बस्ता या बारीला मिरजेत बांधला. तुम्हाला त्रास नको म्हणून.'